एक प्रत, बारा फलक: नुसबाउमच्या कामाची वही

९ जून

वही सुरू करतेय, नाहीतर गणपतीपर्यंत काय केलं नि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही.

काम असं: सप्टेंबरात आमच्या चित्रकलावर्गाच्या जुन्या-नव्या मुलांसाठी दोन दिवसांचं छोटं प्रदर्शन. विषय जर्मन ज्यू चित्रकार फेलिक्स नुसबाउम. मूळ चित्रं इथं सांगलीत येणार नाहीत हे उघड आहे. म्हणून बारा फलक मराठीत, छापील प्रतिमांसह, आणि मधोमध एक हातानं केलेली प्रत. प्रत मी करायची. चित्र ठरलंय: ज्यू ओळखपत्र हातात धरलेलं त्याचं आत्मचित्र. तेलरंग, १९४३च्या सुमाराचं, ५६ बाय ४९ सेंटिमीटर. मूळ चित्र जर्मनीत ओस्नाब्रुकला, त्याच्याच नावाच्या संग्रहालयात आहे.

"व्हॅन गॉग घ्या की, लोकं तरी येतील," असं दोघांनी सुचवलं. येतील, खरं आहे. पण वीस वर्षं मुलं मला एकच विचारतात: "बाई, चेहरा हुबेहूब आला म्हणजे झालं ना?" या चित्रात चेहरा आहे आणि त्याच्या शेजारी सरकारी कार्डही आहे. माणूस कोण हे दोन्ही सांगतात, आणि दोघांचं जमत नाही. मुलांना दाखवायला याहून चांगलं काही मला सापडलं नाही.

११ जून

नावाचा घोळ. नस्बॉम, नुसबॉम, नुस्सबाउम, जो तो आपल्या मनानं लिहितो. 'नुसबाउम' पक्कं केलं. जर्मनमध्ये अर्थ अक्रोडाचं झाड. गावाचं नाव 'ओस्नाब्रुक' ठेवलं, जर्मन उच्चार थोडा वेगळा आहे पण देवनागरीत त्याहून जास्त कसरत केली तर वाचणारा अडखळेल. 'ज्यू' की 'यहुदी'? ज्यू. कोकणातले बेने इस्रायल आपल्याकडे माहीत असतात, शब्द समजावत बसायला नको.

१५ जून

पहिल्या फलकाचा कच्चा मजकूर काल रात्री लिहिला. सुरुवात अशी केली होती: 'आउश्वित्झच्या छळछावणीत मारला गेलेला चित्रकार…' सकाळी वाचलं आणि खोडलं. माणूस अजून जन्मला नाही तोवर त्याला मारून मोकळी झाले. मग पुढच्या अकरा फलकांवर वाचणारा फक्त वाट बघत बसणार.

नव्यानं: जन्म ११ डिसेंबर १९०४, ओस्नाब्रुक. वडील फिलिप, लोखंडी सामानाचे व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढलेले, स्वतःला पक्के जर्मन समजणारे. आणि हौशी चित्रकार. आपल्याला जमलं नाही ते पोरानं करावं म्हणून त्यांनी मुलाला आधी हाम्बुर्गला आणि मग बर्लिनला शिकायला पाठवलं, पुढंही बरीच वर्षं पैसे पुरवले. मुलगा चित्रकार व्हायचं म्हणतो तेव्हा घरात काय होतं ते मी वर्गात दर वर्षी बघते, त्यामुळे या वडिलांसाठी चार ओळी जास्त ठेवल्यात.

कॅन्व्हास ताणून झाला. प्रायमरचा दुसरा हात उद्या. हवेत इतका दमटपणा आहे की पहिलाच अजून बोटाला गार लागतोय.

१८ जून

फलक दोन. 'दोन ज्यू', १९२६. ओस्नाब्रुकच्या सिनेगॉगचा आतला भाग, पुढं प्रार्थना म्हणणारे वयस्कर गृहस्थ आणि त्यांच्या मागे एकवीस-बावीस वर्षांचा फेलिक्स स्वतः. प्रार्थनेची शाल दोघांच्याही अंगावर आहे, पण पोराचा चेहरा पाहिला की कळतं, हा इथं आहेही आणि नाहीही. ते सिनेगॉग नोव्हेंबर १९३८मध्ये जाळलं गेलं.

फलक तीनवर मी आज चार तास घालवले आणि मजा आली. 'वेडा चौक', १९३१. बर्लिनचा पारिझर प्लाट्झ, म्हणजे ब्रांडेनबुर्ग दरवाज्यासमोरचा चौक. काळे कोट घातलेले कला अकादमीचे म्हातारे सभासद रांगेनं आत चाललेत. शेजारी माक्स लीबरमान, त्या काळचं जर्मन चित्रकलेतलं सगळ्यांत मोठं प्रस्थ आणि तेही ज्यू, आपल्या घराच्या छपरावर बसून स्वतःचंच चित्र काढतायत. आणि खाली चौकात तरुण चित्रकारांची झुंबड, आपापले कॅन्व्हास घेऊन. आत घेणारं कुणी नाही. विजयस्तंभावरची देवता उडून चाललीय. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या पोरानं सगळ्या बड्यांची एका फटक्यात फिरकी घेतली, आणि याच चित्रानं त्याचं नाव झालं.

हा माणूस मुळात टवाळ होता. हे पहिल्या तीन फलकांत बसलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच नीट दिसणार नाही.

२३ जून

प्रायमर शेवटी वाळला. ५६ बाय ४९ला सात सेंटिमीटरच्या चौकटी बरोब्बर बसतात: आडव्या सात, उभ्या आठ, एकूण छप्पन्न. शाळेत शिवाजी महाराजांचं चित्र मोठं करायला शिकवायचे तीच पद्धत. नक्कल मूळ मापाची करतेय, म्हणून मागच्या बाजूला आत्ताच ठळक लिहून टाकलं: 'प्रत, अभ्यासासाठी'.

रेखाटन करताना काही गोष्टी लक्षात आल्या ज्या छापील चित्र नुसतं बघून आल्या नव्हत्या. दोन भिंतींच्या कोपऱ्यात माणूस उभा आहे. भिंती त्याच्या डोक्याहून उंच, डागाळलेल्या. टोपी, वर केलेली कॉलर, दाढीचे खुंट. एका हातानं कॉलर मागे ओढून कोटावरची पिवळी चांदणी (ज्यूंना सक्तीनं लावावी लागायची ती) दाखवतोय, दुसऱ्या हातात कार्ड. अंग वळलेलं आहे, डोळे आपल्याकडे. भिंतीपलीकडे वरचं आभाळ काळं, काळे पक्षी, फांद्या छाटलेलं एक झाड आणि त्याच भिंतीमागे दुसरं एक झाड पांढऱ्या मोहोरानं भरलेलं. तो मोहोर जेमतेम एका चौकटीएवढा. मी दोनदा चुकून मोठा काढला.

२७ जून

फलक चार, रोम. १९३२मध्ये त्याला रोमच्या व्हिला मासिमोची शिष्यवृत्ती मिळाली, जर्मन कलावंतांसाठीची मानाची जागा. त्याच सुमाराला तिथं आर्नो ब्रेकर हा शिल्पकारही होता, जो पुढं हिटलरचा लाडका झाला. एकच छप्पर, एकच बाग. डिसेंबर १९३२मध्ये बर्लिनच्या स्टुडिओला आग लागली आणि सुमारे दीडशे कामं गेली. पुढच्या महिन्यात हिटलर सत्तेवर. मे १९३३मध्ये एका सहनिवासी चित्रकाराशी भांडण झालं आणि नुसबाउमला व्हिला सोडावा लागला. त्यानंतर जर्मनीत राहायला तो कधीच गेला नाही.

दीडशे कामं हा आकडा लिहिताना हात थांबला. २०१९च्या पुरात माझ्या दोन ट्रंका गेल्या, त्यांत कॉलेजपासूनची रेखाटनं होती. चिखल झालेले कागद मी आठ दिवस गच्चीवर वाळवत होते. ही तुलना फलकावर टाकण्याचा मोह झाला, टाकली नाही. कृष्णेला माझं आडनाव माहीत नव्हतं. आणि गच्ची माझीच होती.

२९ जून

इटलीच्या किनाऱ्यावरचं वर्षभर (अलास्सियो, रापालो) एकाच परिच्छेदात उरकलं. उजळ रंग, समुद्र, आईवडील भेटायला येऊन राहिलेले. मुलानं आणि फेल्कानं (पुढं त्याची बायको) पुढं जायचं ठरवलं. आईवडिलांना मात्र घरची ओढ सहन होईना, ते १९३५मध्ये जर्मनीला परत गेले. पुढं १९३९मध्ये त्यांनाही ॲमस्टरडॅमला पळावं लागलं.

वडील तेव्हा हट्टानं परत का गेले असतील असं मुलं विचारणार. आमच्या गल्लीत पुराच्या वेळी तीन घरं बोटीत बसायला तयार नव्हती. उत्तर म्हणून मी एवढंच सांगू शकते.

२ जुलै

फलक पाच आणि सहा, बेल्जियम. इथं मजकूर सतत वाढतोय, कापायला जीव होत नाही.

१९३५च्या सुरुवातीला तो आणि फेल्का ओस्टेंडला उतरले, पर्यटक व्हिसावर. पर्यटक! समुद्रकाठचं गाव, ऋतू संपला की रिकाम्या खोल्या स्वस्तात. म्हातारा जेम्स एन्सोर तिथंच राहायचा, मुखवटे रंगवणारा. त्याच्या घरच्यांचं शिंपल्यांचं आणि मुखवट्यांचं दुकान होतं. ओळख झाली आणि नुसबाउमच्या चित्रांतही मुखवटे शिरले. पण बाकी दिवस कागदांत गेले. राहण्याचा परवाना सहा महिन्यांचा. सहा महिने संपत आले की पुन्हा अर्ज, पुन्हा उत्पन्नाचा पुरावा, पुन्हा शिक्का. हे दोन-तीन वेळा नव्हे, वर्षानुवर्षं. १९३७मध्ये ब्रसेल्सला र्‍यू आर्किमेद, क्रमांक २२ इथं जागा घेतली आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला लग्न केलं.

१९३९चं 'निर्वासित' हे चित्र फलक सहाचं. लांबलचक रिकामं टेबल, त्यावर पृथ्वीचा गोल. खोलीच्या पार टोकाला एक माणूस दोन्ही हातांत डोकं धरून बसलाय, शेजारी गाठोडं आणि काठी. दार सताड उघडं आहे, बाहेर उघडीबोडकी झाडं आणि पक्षी. मी मजकुरात 'त्याला जायला जागा नव्हती' असं लिहिलं होतं. खोडलं. सगळी पृथ्वी टेबलावर ठेवलीय आणि माणूस तिच्यापासून शक्य तेवढा लांब बसलाय, हे डोळ्यांनी दिसतंय. मी कशाला सांगू? दिसतं ते लिहून वर पुन्हा त्याचा अर्थ लिहायची खोड मला शाळेतल्या रसग्रहणानं लावली. ती घालवायला हे काम बरं आहे.

६ जुलै

रंगकाम सुरू. खालचा थर बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून. पाऊस तिरका येत होता म्हणून खिडक्या बंद.

संध्याकाळी सहाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'बी विंगमध्ये रॉकेलचा वास येतोय, सर्वांनी गॅस तपासावा.' पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या काकू दारात. "अहो मॅडम, तुमच्याकडे काही सांडलंय का?" मी आत नेऊन बरणी दाखवली. "एवढ्याशा बरणीचा एवढा वास? जिन्याच्या खालपर्यंत येतोय हो!" सेक्रेटरींचा फोन आला, त्यांनीही गोड बोलून सुनावलंच.

रात्री आठवलं आणि वहीत आधीची टिपणं काढून पाहिली. १९४२च्या उन्हाळ्यात बेल्जियममधून ज्यूंना पूर्वेकडे पाठवायला सुरुवात झाली. नुसबाउम आणि फेल्का आधी डोल्फ लेडेल या शिल्पकार मित्राच्या आसऱ्याला राहिले, मग पुन्हा र्‍यू आर्किमेदच्याच इमारतीत, वर माळ्यावर. पण तेलरंगाची चित्रं तिथं करायची सोय नव्हती, वासानं इमारतीला कळलं असतं वर कुणीतरी आहे. एका कलाव्यापाऱ्यानं दुसऱ्या रस्त्यावर तळघरातली जागा वापरायला दिली, तिथं जाऊन तो रंगवायचा.

हे वाक्य मी आजवर दहा वेळा वाचलं असेल. वास मात्र आज आला.

७ जुलै

माळ्यावरून तळघरापर्यंत रस्त्यानं चालत जायचं. अंगाला तोच वास लागलेला असताना परत यायचं. फलक नऊवर हे दोन ओळींत जाईल. बाकी काही जोडायचं नाही.

सोसायटीत तह झाला: टर्पेंटाइन दुपारी दोन ते चार.

१२ जुलै

फलक सात, सां सिप्रियाँ. मे १९४०मध्ये जर्मनीनं बेल्जियमवर हल्ला केला आणि बेल्जियमच्या पोलिसांनी नुसबाउमला धरलं. गुन्हा: तो जर्मन होता, म्हणजे शत्रुराष्ट्राचा नागरिक! जर्मनीनं ज्यू म्हणून नाकारलेला माणूस बेल्जियमनं जर्मन म्हणून पकडला. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज पर्वताजवळ समुद्राच्या वाळूत ही छावणी होती, आधी स्पेनच्या यादवीतून पळालेल्यांसाठी बांधलेली. वाळू, उवा, हगवण. ऑगस्टमध्ये त्यानं जर्मनीला परत पाठवा असा अर्ज केला. नेताना वाटेत बोर्दोला तो निसटला आणि कसाबसा ब्रसेल्सला फेल्काकडे पोचला.

छावणीतलं आत्मचित्र (१९४०, प्लायवूडवर तेलरंग, आता न्यूयॉर्कला) मुलांना दाखवायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला, कारण मागे एक माणूस बादलीवर बसलाय. मी म्हटलं, दाखवायचं. दाढी वाढलेला, टोपी घातलेला चित्रकार पुढून आपल्याकडे बघतोय आणि मागचं लपवत नाहीये. त्यानं नाही लपवलं तर आपण कोण? १९४२मध्ये त्यानं छावणीचं आणखी एक चित्र केलं, कैदी एका खोक्याभोवती जमलेत आणि खोक्यावर पृथ्वीचा गोल, काटेरी तारेत गुंडाळलेला. 'निर्वासित'मधला तोच गोल. फलक सहा आणि सात शेजारीशेजारी लावायचे, मध्ये खांब येता कामा नये.

एक बाजूची नोंद. 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' या शब्दावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं आपल्या पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना ठेवलं होतं, आणि त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. तोच शिक्का, तोच मूर्खपणा, जागा तेवढी आपल्या सहलीची. दुसऱ्या बाजूला मुंबई. १९३३मध्ये कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आले, १९३८मध्ये व्हिएन्नाहून चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू बायकोला, कॅथेला घेऊन आले आणि टाइम्सचे कलासंचालक झाले. व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घ्यायचे. रझा, हुसेन, आरा, सूझा ही मंडळी पुढं आली त्यांत या तिघांच्या घरातल्या चहाचा मोठा वाटा आहे. फलकावर जागा नाही, पण प्रदर्शनात मी तोंडी सांगणार.

१९ जुलै

आज फक्त कार्ड.

शून्य नंबरचा ब्रश, त्यातलेही निम्मे केस कापून. आधी कागदावर अक्षरांचा सराव केला. लाल शिक्का दोन भाषांत आहे, फ्रेंच 'ज्विफ' आणि डच 'योद'. दोन्हींचा अर्थ ज्यू, बेल्जियमच्या दोन्ही भाषकांना कळावा म्हणून. जन्मस्थळाच्या जागी वाचता येत नाही असं पुसट. राष्ट्रीयत्वाच्या जागी फ्रेंचमध्ये 'सां', म्हणजे 'विना', काहीच नाही. हे कवीपणानं लिहिलेलं नाही. नोव्हेंबर १९४१च्या फर्मानानं जर्मनीबाहेरच्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्व सरसकट काढून घेतलं होतं. चित्रकारानं कारकुनाची नोंद जशीच्या तशी उतरवली, कारकुनाच्याच हस्ताक्षरात.

आणि पुसट अक्षर रंगवणं किती कठीण! स्वच्छ 'ओस्नाब्रुक' लिहायला दहा मिनिटं लागली असती. न वाचता येणारं लिहायला पाऊण तास गेला. प्रत्येक वेळी काहीतरी वाचता येतंच.

साडेचारला काकू आल्या, या वेळी वासाची तक्रार नाही, नुसतं बघायला. इझलसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हा कुणाला दाखवतोय हो कार्ड?"

"समोर जो उभा असेल त्याला."

"म्हणजे मला? मी काय पोलीस आहे?" आणि त्या खरोखरच एक पाऊल बाजूला सरकल्या. बाजूला सरकल्यावर म्हणाल्या, "इकडंही बघतोय." मग चहा झाला. त्यांच्या बहिणीचं रेशनकार्डावरचं नाव तीन वर्षं दुरुस्त होत नाहीये ते सांगून गेल्या.

२४ जुलै

फेल्का प्लाटेक. आत्तापर्यंत मी तिला सगळीकडे 'पत्नी' म्हणून टाकत आले, लाज वाटली. १८९९ची, वॉर्सातली. बर्लिनला ती स्वतः चित्रकला शिकायला आली होती, ओळख तिथली. व्यक्तिचित्रं चांगली करायची. तिची अगदी थोडी कामं उरलीत. फलक आठ पूर्ण तिला दिला, त्याच्यासाठी 'बेल्जियम: दैनंदिन' नावाचा फलक रद्द. तिथं फक्त तिचंच काम लागेल, नवऱ्यानं काढलेलं तिचं चित्र लागणार नाही.

चेहऱ्याचा दुसरा थर झाला. डोळे अजून नाहीत. दमटपणामुळे भिंतीचा करडा रंग पाच दिवस झाले तरी चिकट.

२८ जुलै

फलक दहा: इझलसमोरचं आत्मचित्र, १९४३. उघडं अंग, तोंडात पाइप, हातात ब्रश. पुढं रंगांच्या बाटल्या आणि त्यांवर चिठ्ठ्या: 'मनःस्थिती', 'घरची ओढ', 'यातना', मूळ फ्रेंचमध्ये. एका बाटलीवर विषाची कवटी. वर्गातल्या एका मुलीनं हे पाहून माझ्या टेबलावरच्या बरण्यांवर खडूनं लिहिलंय: टर्प, जवस, कंटाळा. पुसलं नाही.

टवाळ माणूस तळघरातही टवाळच होता, हे मला इथं पुन्हा दिसतं. 'वेडा चौक' आणि या बाटल्या एकाच हाताच्या आहेत.

३१ जुलै

फलक अकरा. तारखा आधी लिहून घेते, मग वाक्यं.

'मृत्यूचा विजय', एप्रिल १९४४. सांगाडे वाद्यं वाजवतायत, पायाखाली माणसांनी केलेल्या सगळ्या गोष्टींचा ढिगारा, वर आभाळात चेहरे असलेले पतंग. चित्रात १८ एप्रिल १९४४ ही तारीख आहे. खालच्या अंगाला एक स्वरलिपीचा कागद, त्यावर लॅम्बेथ वॉक, त्या काळी सगळीकडे वाजणारं लंडनचं उडत्या चालीचं नाचाचं गाणं.

२० जून १९४४च्या रात्री कुणीतरी दिलेल्या खबरीवरून दोघांना पकडलं. मेखेलेनच्या बराकी, म्हणजे बेल्जियममधल्या ज्यूंना पूर्वेकडे पाठवण्याआधी जमा करायची जागा. ३१ जुलैला तिथून आउश्वित्झला शेवटची, सव्विसावी गाडी निघाली, दोघं तीत होते. २ ऑगस्टला पोचली. ३ सप्टेंबरला दोस्त सैन्य ब्रसेल्समध्ये शिरलं. आईवडील त्याच वर्षी फेब्रुवारीत, हॉलंडमधून, आउश्वित्झला. भाऊ युस्टुस, त्याची बायको, मुलगी मारियाने, कुणीच उरलं नाही.

नुसबाउम पोचताच गॅसमध्ये मारला गेला असं बरीच वर्षं धरलं जायचं. नंतर छावणीच्या रुग्णालयाचा एक कागद सापडला: २० सप्टेंबर १९४४, बोटावर उपचार. त्याच्याबद्दलची शेवटची नोंद हीच. हाताचं बोट.

फलकावर हे एवढंच जाणार, एकही विशेषण नाही. आज तारीख ३१ जुलै आहे हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.

४ ऑगस्ट

छपाईवाला माझाच जुना विद्यार्थी. बाराही फलकांना काळी पार्श्वभूमी देऊन नमुना पाठवला. "दुःखाचं आहे ना बाई, काळं उठून दिसतं." उठून दिसतं, खरंय, पण 'वेडा चौक' आणि इटलीचा समुद्र काळ्यावर मेले. सगळं पांढऱ्यावर घ्यायला लावलं. वर युनिकोडमधून त्याच्या फॉन्टमध्ये नेताना 'र्‍यू'चा चुराडा, 'ॲमस्टरडॅम'चं 'अमस्टरडम' आणि फलक सातवर 'उवा'चं 'उषा' झालंय. वाळू, उषा, हगवण! तीन तास प्रूफं. सनबोर्डवर छापणार, फ्लेक्स चकाकतो.

फलक बारा संपवला. जाण्याआधी त्यानं चित्रं एका ओळखीच्या डॉक्टरकडे ठेवली आणि मी संपलो तरी चित्रं मरू देऊ नका असं सांगितलं, अशी आठवण आहे. युद्धानंतर ती चित्रं कित्येक वर्षं ब्रसेल्समध्ये पडून राहिली. नात्यातल्या वाचलेल्या बहिणींना ती मिळवायला कोर्टात जावं लागलं. १९७१मध्ये ओस्नाब्रुकला मोठं प्रदर्शन झालं, आणि १९९८मध्ये डॅनियल लिबेस्किंडनं बांधलेलं संग्रहालय उघडलं: तिरक्या भिंती, उंच नि चिंचोळा काँक्रीटचा बोळ. मी गेलेले नाही. फोटोंवरून बोळ रंगवायचा प्रयत्न केला, सोडून दिला.

९ ऑगस्ट

डोळे झाले. तिसऱ्या खेपेला. आधीच्या दोन्ही वेळा मी त्यांत भीती घातली होती आणि दोन्ही वेळा चित्र फसलं. छापील प्रतिमा उलटी धरून, नुसते गडद-उजळ डाग समजून रंगवले तेव्हा जमले. सरळ केल्यावर दिसलं की तो घाबरलेला वगैरे नाहीये, मोजतोय. समोरच्याला जोखतोय.

भिंतीमागचा मोहोर अजून मोठाच झालाय. कडा खरवडून बारीक केला, आता बरा आहे.

१४ ऑगस्ट

आयर्विन पुलाजवळ पाणी चढतंय म्हणून प्रत आणि सनबोर्ड दोन्ही काकूंकडे वर नेऊन ठेवले. जिन्यात कॅन्व्हास वळवताना वरचा कोपरा भिंतीला घासला. आभाळाचा अंगठ्याएवढा तुकडा गेला, दुरुस्त होईल. काकूंनी प्रत देवघराच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. "सारखा बघतो हो," म्हणाल्या.

राहिलेलं: आभाळाचा कोपरा, फलक आठची प्रतिमा जास्त रेझोल्युशनची, खांबाचा प्रश्न, टर्प संपलं, अर्धा लिटर आणणे. व्हार्निश आत्ता लावायचं नाही, या हवेत सहा महिने तरी थांबायला हवं. फेब्रुवारीत.